जो ओरडेल त्याला सूट

सांगलीच्या कापड पेठेत, हरभट रोडला किंवा मारुती रोडला कुठल्याही बऱ्यापैकी चालणाऱ्या दुकानात जा आणि काउंटरवरच्या पोराला किंवा पोरीला जरा बाजूला घेऊन विचारा, की कामात सगळ्यात जड काय जातं. आधी पाय दुखतात म्हणून सांगतील, मग पगाराचं सांगतील. गिऱ्हाइकाचा विषय निघाला की बहुतेक जण खांदे उडवतात, "गिऱ्हाईक बोलायचंच, त्याचं काय एवढं." मात्र अजून थोडा वेळ थांबलात तर खरी गोष्ट बाहेर येते. गिऱ्हाईक बोलून गेलं ते विसरलेलं असतं. त्याच गिऱ्हाइकासमोर मालक जे बोलला, ते वर्षानुवर्षं लक्षात असतं.

मी कापड पेठेतल्या एका दुकानात साडीच्या काउंटरवर बरीच वर्षं काम केलं, आता याच धंद्यात हिशेबाचं काम बघते. या सगळ्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. अवघड गिऱ्हाईक म्हणून आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो, ते पुष्कळदा दुकानानेच घडवलेलं असतं, आणि त्याची किंमत काउंटरवरच्या माणसाकडून वसूल केली जाते. त्यामुळे "गोड बोला, हसतमुख राहा, राग गिळा" हा उपदेश कामगारांना कितीही वेळा केला तरी काही बदलत नाही. बदल गल्ल्यावर बसणाऱ्याने करायचा आहे.

हे कसं घडतं, ते एका साडीवरून सांगते. ऐन लग्नसराई होती. एक बाई साडी परत घेऊन आल्या. काठपदराची, साडेतीन हजारांची. "उघडलीसुद्धा नाही हो, सुनेला रंग पसंत नाही," म्हणाल्या. माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या मुलीने साडी गादीवर उलगडली आणि खालच्या काठावरून बोट फिरवलं. काठाला सुईची बारीक भोकं एका ओळीत होती, म्हणजे फॉल लावून पुन्हा उसवलेला. निऱ्यांच्या जागी दुकानाची घडी मोडून दुसरीच घडी पडली होती. पदराला अत्तराचा वास होता आणि कडेला हळदीचं एक बोट. फॉल-पिको झालेली साडी बदलून मिळणार नाही, असा दुकानाचा नियम होता आणि तो बिलाच्या मागे छापलेला होता. मुलीने तो आवाज न चढवता वाचून दाखवला. बाई कडाडल्या, "तू मला शिकवतीस होय? तुझ्यासारख्या छप्पन्न बघितल्यात. मालकाला बोलव." मालक गल्ल्यावरून उठून आले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? नवीन पोरगी आहे, तिला कळत नाही." साडी बदलून दिली, वर चहा मागवला.

ती मुलगी नवीन नव्हती. भोकं बघायला मालकांनीच तिला शिकवलं होतं.

तेव्हा गादीवर आणखी चार बायका बसल्या होत्या. पावतीमागचा नियम कुणासाठी असतो, हे त्या चौघींना त्या पाच मिनिटांत कळलं. त्याच आठवड्यात एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांनी स्वतःहून सांगितलं, की फॉल लावलाय, पण काही करता येईल का? त्यांना नियम सांगितला, त्या "बरं" म्हणून साडी घेऊन गेल्या. म्हणजे खरं बोलून सौजन्याने विचारणाऱ्या बाईला नियम लागू झाला आणि खोटं बोलून तमाशा करणाऱ्या बाईला चहा मिळाला. दिवसातून दोन-चार वेळा असं घडत असेल, तर पेठेतली गिऱ्हाइकं आवाज चढवायला शिकणार नाहीत तर काय करतील? ती मूर्ख नाहीत. जिथे ओरडल्यावर मिळतं तिथे माणसं ओरडतात.

या पद्धतीत नियम सांगायचं काम नोकराकडे आणि नियम मोडायचा मान मालकाकडे असतो. वाईटपणा एकाने घ्यायचा आणि दिलदारपणा दुसऱ्याने मिरवायचा. मालकाला यात फार फायदा दिसतो, कारण गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि "शेठ चांगले आहेत, पोरं आगाऊ आहेत" असं चार घरी सांगतं. ज्याचा शब्द असा दहा वेळा गिऱ्हाइकासमोर पाडला, तो कामगार मात्र अकराव्या वेळी भोकं बघतच नाही. कशाला बघेल? मग तेच मालक चहाच्या टपरीवर तक्रार करतात, की हल्लीच्या पोरांना धंद्याची कळकळ राहिली नाही.

एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही तितक्याच जोराने सांगितली पाहिजे. काउंटरवरच्या भांडणांपैकी कितीतरी भांडणांत गिऱ्हाईक बरोबर असतं. पहिल्या धुण्यात साडीचा रंग जातो, काठाची जर काळी पडते, सहावारी म्हणून दिलेली साडी ब्लाऊजपीस कापल्यावर आखूड भरते. बाई तक्रार घेऊन आली की काय सांगायचं, हे काउंटरवर आधीच पढवलेलं असतं. "मिठाच्या पाण्यात भिजवली नाही का? सर्फ वापरला असेल. उन्हात वाळवली असेल." सांगणाऱ्या पोरीला माहीत असतं, की त्या लॉटच्या आणखी सात साड्या परत आल्यात. ऐकणाऱ्या बाईलाही कळत असतं, की आपल्याला बनवलं जातंय. मग ती बाई चिडते आणि पोरीच्या अंगावर जाते. त्या बाईला अवघड गिऱ्हाईक म्हणणं हा अन्याय आहे, आणि त्या पोरीला उद्धट म्हणणं हाही अन्याय आहे. दोघींचा वाद खरं तर ज्याने तो लॉट घेतला त्याच्याशी आहे, आणि तो त्या वेळी फोनवर असतो.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी आजही पेठेत जागोजागी दिसते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं, ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर ३० दिवसांत. रंग आवडला नाही, विचार बदलला, यासाठी दुकानदाराने माल परत घ्यावा असं हा कायदा म्हणत नाही. खराब माल आणि बदललेलं मन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि पाटीवर त्या वेगळ्या लिहिता येतात. तसं न करता सरसकट "परत नाही" लिहायचं आणि ते राबवायला महिना आठ-दहा हजारांच्या पोरीला पुढे उभं करायचं, यात भांडणाची सोय आधीच करून ठेवलेली असते. महाराष्ट्रात ग्राहक चळवळ जुनी आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ साली, देशात पहिला ग्राहक संरक्षण कायदा होण्याच्या बारा वर्षं आधी. त्या चळवळीने आपल्याला तक्रार करायला शिकवलं, आणि मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. तक्रार जरूर करा, बिल मागा, ग्राहक आयोगात जा. फक्त तक्रार मालाबद्दल करा आणि मालकाकडे करा. समोरच्या पोरीची जात, रंग, शिक्षण आणि आईबाप त्यात आणायचं कारण नाही.

आता बस्त्याबद्दल सांगते, कारण आमच्या भागात दुकानदारीची खरी कसोटी तिथे लागते. तासगाव, कवठेमहांकाळ, जत, पलूस इकडून जीप भरून माणसं येतात. नवरीकडची, नवऱ्याकडची, दोन्हीकडच्या आत्या, मावश्या, काक्या. शालू आणि सुपारीची साडी सगळ्यांच्या पसंतीने घ्यायची, मग मानपानाच्या, मग आहेराच्या, शेवटी टॉवेल-टोपी. सकाळी अकराला बसलेली मंडळी चार वाजेपर्यंत उठत नाहीत. सेल्समनने तोवर दीड-दोनशे साड्या उलगडलेल्या असतात. प्रत्येक साडीचा पदर खांद्यावर घेऊन दाखवायचा, काठ उजेडात धरायचा, आणि बाजूला पडलेला डोंगर रात्री शटर ओढल्यावर घडी करून लावायचा. एवढ्यात एखादी आत्या रुसते, कारण नवरीच्या मावशीची साडी दोनशे रुपयांनी भारी निघाली. आत्याला मावशीशी भांडता येत नाही, सोयरीक मोडेल. मग ती सेल्समनवर घसरते, "तुम्ही मुद्दाम आम्हाला हलकं दाखवताय." आमच्याकडचे जुने सेल्समन अशा वेळी गप्प राहून त्याच किमतीची दुसरी साडी आत्याच्या मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "आत्या, ही मी मघाशी तुमच्यासाठीच बाजूला काढून ठेवली होती." हे मोठं कसब आहे. माणसं, नाती, पैशाची ओढाताण, सगळं एका नजरेत ओळखावं लागतं. या कसबाला आपण कौशल्य म्हणतच नाही, म्हणून त्याचा पगारही नसतो.

अवघड कुणाला म्हणायचं, यातही आम्ही काउंटरवाल्यांनी थोडं आत बघायला हवं. पायात साधी चप्पल, हातात पिशवी, पैसे कनवटीला, अशी बाई वीस साड्या बघून एक घेते तेव्हा दुकानात "टाइमपास" म्हणून खुणा होतात. गाडीतून उतरलेली बाई साठ साड्या बघून एकही न घेता जाते तेव्हा तिला पाणी विचारलं जातं. पहिल्या बाईने त्या एका साडीसाठी वर्षभर पैसे साठवलेले असतात. तिने निरखून बघायचं नाही तर कुणी? आणि सांगलीच्या बाजारात जो शेतकरी हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, खिशात घालून पेठेत येतो, त्याचाही विचार करा. मार्केट यार्डात त्याच्या मालाचा भाव दुसऱ्यांनी ठरवलेला असतो, वरून हमाली, तोलाई कापून गेलेली असते, आणि तिथे त्याला एका शब्दानेही घासाघीस करता आलेली नसते. अख्ख्या दिवसात "एवढ्याला देतोस का बोल" असं म्हणायची संधी त्याला पहिल्यांदा कापडाच्या दुकानात मिळते. तो ताणून धरणारच. त्याने भाव पाडून मागितला म्हणून तो अवघड ठरत नाही. त्याने शिवी दिली तर ठरतो, आणि शिवी द्यायला पाचशेची साडी बघणारा आणि पन्नास हजारांचा शालू बघणारा सारखेच पुढे असतात.

संध्याकाळी सातनंतर दुकानात भांडणं जास्त होतात, हे काउंटरवर काम केलेला कुणीही सांगेल. तोवर पोरं-पोरी आठ-नऊ तास उभी असतात. पेठेतल्या दुकानात स्टूल असतं ते गिऱ्हाइकासाठी. गिऱ्हाईक नसतानाही कामगार बसला तर "काम नाही का?" म्हणून विचारणा होते. केरळात कोझिकोडच्या मिठाई तेरुवू बाजारातल्या कापड दुकानांतल्या बायका यासाठी वर्षानुवर्षं लढल्या, तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या सरकारने दुकान कायद्यात बदल करून कामगाराला बसण्याची सोय देणं बंधनकारक केलं. तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा मुळात दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांना लागू होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर आणि रोजच्या कामाचे तास नऊवरून दहावर न्यायला मंजुरी दिली. आपल्या पेठेतल्या किती दुकानांत वीस कामगार आहेत? ज्यांना कायद्याच्या सावलीची सर्वांत जास्त गरज, तेच तिच्या बाहेर ढकलले जातात. दहा तास उभ्या असलेल्या माणसाकडून साडेआठ वाजता आलेल्या चिडक्या गिऱ्हाइकाशी गोड बोलण्याची अपेक्षा करायची, आणि त्याला बसायला स्टूल द्यायचं नाही, हे मला क्रूर वाटतं.

बायकांच्या बाबतीत गोष्ट आणखी पुढे जाते. साडी अंगावर लावून दाखव म्हणून वारंवार सांगणारे, माप घेताना मुद्दाम जवळ सरकणारे, बिलावरचा दुकानाचा नंबर सोडून "तुझा दे" म्हणणारे पुरुष प्रत्येक मोठ्या दुकानात येतात. मुली घरी सांगत नाहीत, कारण घरचे नोकरी सोडायला लावतील. मालकाला सांगितलं तर "दुर्लक्ष कर" एवढंच उत्तर येतं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. सुरक्षित वातावरण देणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनची सुरक्षितताही त्यात धरलेली आहे. गिऱ्हाईक म्हणजे तेच. दहापेक्षा कमी कामगार असतील तर जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिथे दाद मागता येते. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांच्यापैकी एकीलाही हे माहीत नव्हतं. दुकानात परवाना लावलेला असतो, लक्ष्मीचा फोटो असतो, त्या शेजारी या समितीचा पत्ता आणि फोन लावायला कितीशी जागा लागते?

कुठल्याही सरकारी कचेरीत गेलात की भिंतीवर एक फलक दिसतो, शासकीय कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणल्यास, अंगावर धावून गेल्यास अमुक कलमाखाली गुन्हा दाखल होईल म्हणून. डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. दुकानातल्या पोरासाठी असा फलक कुणी लावत नाही. बाहेर मात्र हा विचार सुरू झालाय. दक्षिण कोरियाने २०१८ च्या ऑक्टोबरपासून असा नियम केला, की गिऱ्हाइकाच्या शिवीगाळीने कामगाराच्या तब्येतीवर परिणाम होण्याची शक्यता असेल, तर मालकाने त्याला त्या कामावरून तात्पुरतं हलवलं पाहिजे, आणि ते मागितलं म्हणून त्याला त्रास देता कामा नये. टोकियोत १ एप्रिल २०२५ पासून गिऱ्हाइकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध स्थानिक कायदा लागू झाला. त्यात दंड नाही, पण असं वागणं चूक आहे हे शहराने लेखी म्हटलं, आणि गिऱ्हाइकाचा तक्रारीचा हक्क मारला जाऊ नये हेही त्यातच लिहिलं. मला ही मांडणी फार योग्य वाटते. सांगली महापालिकेने किंवा व्यापाऱ्यांच्या संघटनेने असं एखादं पानभर पत्रक काढलं तर त्याला मुंबईची परवानगी लागणार नाही.

व्यापारी यावर काय म्हणतील ते मला पाठ आहे, कारण मी त्यांच्याच वह्या लिहिते. "ऑनलाइनने निम्मं गिऱ्हाईक नेलं. २०१९ ला पाणी आलं, २०२१ ला पुन्हा आलं, अजून त्या कर्जाचे हप्ते चालू आहेत. एक बस्ता गेला तर चार लाख जातात, आणि त्याच्यासोबत अख्खी भावकी जाते. अशात पोरीची बाजू घेऊन गिऱ्हाईक तोडू?" ही भीती खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही. वह्यांमध्ये मला ती आकड्यांत दिसते. पण बस्त्याचं गिऱ्हाईक दुकानात परत का येतं, हेही बघा. दारातून आत आल्यावर ती मंडळी मालकाला शोधत नाहीत. "ते उंच दादा कुठायत, थोरल्याच्या लग्नाला त्यांनीच दाखवल्या होत्या," असं विचारतात. भावकीच्या आवडीनिवडी, कुणाच्या घरी कुणाला मान, कुणाला हिरवा रंग चालत नाही, हे सगळं त्या दादांच्या डोक्यात असतं. ऑनलाइनला ते जमत नाही. तो दादा अपमानाला कंटाळून पलीकडच्या दुकानात गेला की भावकीही तिकडेच वळते. हे मी वहीत उतरताना पाहिलंय. आणि पुराच्या त्या ऑगस्टमध्ये पाणी चढत असताना खालचे गठ्ठे माळ्यावर कुणी चढवले? ज्यांना आपण गिऱ्हाइकासमोर "नवीन पोरगी, कळत नाही" म्हणतो, त्यांनीच.

म्हणून मालकांकडे माझं मागणं साधं आहे. बदलून देण्याचे नियम एकदा नीट ठरवा, त्यात सदोष माल आणि बदललेलं मन वेगळं लिहा, आणि काउंटरवरच्या जुन्या माणसाला ठरावीक रकमेपर्यंत सूट द्यायचा अधिकार द्या, म्हणजे दिलदारपणा त्यालाही दाखवता येईल. तो "नाही" म्हणाला असेल आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे आलं, तर तुम्हीही तेच सांगा, त्याच शब्दांत. कामगाराचं खरंच चुकलं असेल तर शटर पडल्यावर आत बोलवून सांगा. एखाद्या वेळी सूट द्यायचीच असेल तर ती त्याच्याच हातून द्या, "दादा, तुम्हीच बघा काय करता येतंय ते" असं म्हणून. आणि कुणी आईबहिणीवरून बोललं, हात धरला, तर गल्ल्यावरून उठून तुमच्या माणसाच्या शेजारी येऊन उभे राहा आणि गिऱ्हाइकाला सांगा, की साडी दाखवू, पण ही भाषा इथे चालणार नाही. दोन कामगारांच्या दुकानातही हे करता येतं. दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत, एखाद्या रिकाम्या दुपारी, सगळ्यांना गादीवर बसवून हे एकदा बोलून घ्या, आणि त्या बैठकीत पहिल्यांदा काउंटरवरच्यांना बोलू द्या.